टाइल्स हातात असेपर्यंत बीजगणित येतं, वही उघडली की जातं. काय करावं?

पाटीपेन्सिल

सातवी-आठवीला गणित शिकवते. वर्गात पुठ्ठ्याच्या टाइल्स आहेत, प्रोजेक्टर आहे, मुलांना आळीपाळीने वापरायला थोडे टॅब आहेत. करून शिकण्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. "हे सगळे चोचले" म्हणणाऱ्यांनीही जरूर यावं, पण माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

ज्यांनी टाइल्स पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी: मोठा चौरस म्हणजे क्ष². त्याच्याच बाजूइतकी लांब आणि १ रुंद अशी पट्टी म्हणजे क्ष. छोटा चौरस म्हणजे १. एक रंग धन, दुसरा ऋण. (क्ष + ३)(क्ष + २) करायचं तर वरच्या कडेला क्ष आणि तीन एकक मांडायचे, डाव्या कडेला क्ष आणि दोन एकक, आणि मधला आयत भरायचा. एक मोठा चौरस, पाच पट्ट्या, सहा छोटे चौरस लागतात. म्हणजे क्ष² + ५क्ष + ६. अवयव पाडताना हेच उलटं: तुकडे दिलेले असतात, त्यांचा आयत लावायचा आणि कडा वाचायच्या.

मुलं हे झकास करतात. २क्ष² + ७क्ष + ३ चे बारा तुकडे दिले की खटपट करून (२क्ष + १)(क्ष + ३) पर्यंत पोचतात. मग टाइल्स डब्यात जातात, वह्या निघतात, आणि तीच मुलं (क्ष + ३)² = क्ष² + ९ लिहून मोकळी होतात. आदल्या तासाला त्या सहा पट्ट्या ज्यांनी स्वतःच्या हाताने लावल्या, तीच!

ॲपचंही तसंच. स्क्रीनवर तराजू बरोबर तोलतात, वहीत आलं की ३क्ष + २ = क्ष + ८ मध्ये २ आणि ८ ची बेरीज करून बसतात.

तर हातातून वहीपर्यंतच्या मधल्या वाटेवर तुम्ही नक्की काय करता?

उगाचच

वाचतोय. आमची गाडी 'क्ष म्हणजे काय' या स्टेशनातच बंद पडली होती.

निवृत्त_मास्तर

चोचले म्हणायला आमंत्रणच आहे म्हटल्यावर यायलाच हवं. :)

ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. मुलं टाइल्स लावायला शिकली, बीजगणित शिकली नाहीत. आयत पुरा करणं हे जिगसॉ जुळवण्यासारखं आहे. तुकडा बसला की नाही हे डोळ्यांना लगेच कळतं. वहीत मात्र "हे बसत नाही" असं सांगणारं कोणी नसतं. क्ष² + ९ वहीवर अगदी ऐटीत बसतं.

आम्ही विस्तार सूत्रं पाठ करून घेत असू. (अ + ब)² = अ² + २अब + ब², रोज, झोपेतून उठवून विचारलं तरी. २अब विसरायची कोणाची टाप नव्हती. मात्र न्यायाने बोलायचं तर हेही सांगतो, की त्याच मुलांना १०३² तोंडी करा म्हटलं तर ती गुणाकार मांडायला पाटी शोधायची. १०३ म्हणजे १०० + ३, आणि आपण रोज म्हणतो ते सूत्र यासाठीच आहे, हे शेकड्यात चार-दोघांना सुचायचं. तेव्हा पाठांतराने सगळं साधलं असं माझं म्हणणं नाही. पण सरावाला पर्याय आहे असंही कोणी सांगू नये.

कोडकीडा

मास्तरांचा जिगसॉचा मुद्दा ॲप्सना दुपटीने लागू होतो. शैक्षणिक सॉफ्टवेअर लिहिण्यात बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून आतल्या गोटातलं सांगतो.

ड्रॅगनबॉक्स नावाचा खेळ २०१२ साली नॉर्वेतून आला. सुरुवातीला स्क्रीनवर नुसती चित्रं असतात, दोन बाजू असतात, आणि एक डबी एकटी पाडायची असते. हळूहळू चित्रांच्या जागी अक्षरं येतात, शेवटी समीकरण दिसायला लागतं. लहान मुलं तासाभरात एकचल समीकरणं सोडवताना दिसतात. कल्पना सुंदर आहे. पण नीट बघा: एका बाजूला पत्ता टाकला की तसाच पत्ता दुसऱ्या बाजूला टाकेपर्यंत खेळ पुढे सरकूच देत नाही. मूल नियम पाळतं, कारण मोडायची सोयच नाही. मग कागदावर, जिथे मोडायची पूर्ण मुभा आहे, तिथे ते मोडतं. यात आश्चर्य ते काय?

म्हणून कुठलंही साधन हातात आलं की मी एकच गोष्ट तपासतो. हे चूक करू देतं का, आणि चूक केल्यावर काय दाखवतं? 'चुकीचं! पुन्हा प्रयत्न करा' आणि लाल फुली दाखवणारी सगळी ॲप्स माझ्या मते रंगीत प्रश्नपेढ्या आहेत. याउलट फेटचा तराजू बघा. कोलोरॅडो विद्यापीठाचा हा विज्ञान-गणिताच्या सिम्युलेशन्सचा प्रकल्प, २००२ साली कार्ल वीमन यांनी सुरू केला, भौतिकशास्त्राचं नोबेल मिळाल्याच्या दुसऱ्याच वर्षी. त्यातल्या तराजूच्या एकाच पारड्यातून २ काढले तर तो तिरका होतो, बस्स. शेरा नाही, गुण नाही. तिरकं का झालं ते मुलाने शोधायचं. फेटची बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत, आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात.

जिओजेब्रा आणि डेस्मॉस ही आलेख-आकृत्या काढणारी सॉफ्टवेअर्स याच जातीची. कोरी पाटी देतात, तुम्ही लिहाल ते काढून दाखवतात. चुकीचं लिहिलंत तर चुकीचंच इमानदारीने काढतात.

आठवीची_आई

कोडकीडा, पण कोऱ्या पाटीचाही त्रास आहे हो. माझ्या मुलाला शाळेतून गृहपाठ आला होता, डेस्मॉसवर य = म·क्ष + क ची रेषा दिलेल्या दोन बिंदूंतून न्यायची. म आणि क ला स्लायडर. हा पठ्ठ्या दोन्ही स्लायडर इकडून तिकडे सरकवत बसला, रेषा दोन्ही ठिपक्यांवर बसली, स्क्रीनशॉट काढला, झालं. विचारलं, "म म्हणजे काय रे?" तर म्हणे, "ते सरकवलं की रेषा फिरते."

तसं खोटं नाही म्हणा!

पाटीपेन्सिल

@आठवीची_आई, हाहा, त्याचं निरीक्षण अचूक आहे, पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही एवढंच. स्लायडरसाठी मी एक नियम करून टाकला आहे: आधी वहीत, मग बोटाने. म २ वरून ३ केला तर रेषा कशी दिसेल ते कच्चं काढायचं, शेजाऱ्याला दाखवायचं, मगच स्लायडरला हात लावायचा. क बदलला तर रेषा वर-खाली सरकते हे सगळे बरोबर सांगतात. म ऋण केला तर? इथे वर्गात हमखास दोन तट पडतात. अर्धी मुलं म्हणतात रेषा खाली जाईल, अर्धी म्हणतात उलटी झुकेल. भांडण पुरतं पेटल्याशिवाय मी प्रोजेक्टर लावत नाही.

शिवाय दिलेल्या दोन बिंदूंऐवजी फक्त एक बिंदू द्यायचा आणि त्यातून जाणाऱ्या पाच वेगवेगळ्या रेषा मागायच्या. नुसतं सरकवून ते होतं, पण फार कंटाळवाणं होतं. मग म आणि क एकमेकांशी कसे बांधलेले आहेत ते मुलं आपणच शोधायला लागतात. कंटाळा हे चांगलं शैक्षणिक साधन आहे.

बिनधास्त_बीएड

+१ कंटाळ्याला.

मी अजून शिकाऊ आहे, पण एक मुद्दा मांडते. २ आणि ८ ची बेरीज करणाऱ्या मुलांचा घोटाळा तराजूच्या कितीतरी आधीचा असावा. ८ + ४ = □ + ५ हे गणित तुमच्या वर्गात देऊन बघा. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सहावीच्या सगळ्याच्या सगळ्या १४५ मुलांनी चौकटीत १२ किंवा १७ लिहिलं होतं. ७ एकानेही नाही! पहिलीपासून 'बरोबर' चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिहा" असंच वाचलेलं असतं. तेच चिन्ह आता अचानक म्हणतं, "दोन्हीकडे सारखं आहे."

तराजू नेमका इथेच कामाला येतो. पण तो क्ष यायच्या आधी यायला हवा, नुसत्या आकड्यांबरोबर. ८ + ४ एका पारड्यात, ५ दुसऱ्यात, अजून किती टाकू? क्ष आणि समतोल या दोन्ही नव्या गोष्टी एकाच दिवशी अंगावर टाकल्या तर मुलं कुठे अडली तेही आपल्याला कळत नाही.

निवृत्त_मास्तर

हा मुद्दा मान्य. "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं" हे आम्हीच पिढ्यान्पिढ्या शिकवलं. का बदलतं ते नाही.

पण तराजूवाल्यांना माझा साधा प्रश्न. २क्ष + ७ = ३. मांडा तराजूत. एका पारड्यात दोन डब्या आणि सात वजनं, दुसऱ्यात तीन. डब्यांत काय भरलंय? उणे दोन वजनं? असली वजनं कुठल्या दुकानात मिळतात?

कोडकीडा

फेटमध्ये मिळतात. :) त्यात -१ आणि -क्ष सुद्धा टाकता येतात. पण मास्तर, मनातलं सांगायचं तर तुमचा वार बरोबर बसला. -१ टाकल्यावर पारडं वर जातं हे स्क्रीनवर ठीक आहे. हाताच्या अनुभवातून ते आलेलं नसतं, प्रोग्रामरने तसं ठरवलं म्हणून होतं. तिथे तराजू हा तराजू राहिलेला नसतो.

पाटीपेन्सिल

तिथे मी तराजू सोडून देते. २क्ष + ७ = ३ टाइल्सवर करते. मध्ये एक दोरी, डावीकडे दोन पट्ट्या आणि सात धन एकक, उजवीकडे तीन धन एकक. दोन्ही बाजूंना सात-सात ऋण एकक ठेवायचे. डावीकडे सात जोड्या जुळतात, धन-ऋण मिळून शून्य, उचलून बाजूला. उजवीकडे तीनच जोड्या जुळतात आणि चार ऋण उरतात. दोन पट्ट्यांच्या वाटणीला चार ऋण, म्हणजे एकीला दोन. क्ष = -२.

ही 'शून्य जोडी' मुलांना फार आवडते. नसलेलं कमी कसं करायचं हा प्रश्न तिच्यामुळे निकालात निघतो: शून्य कितीही ओतता येतं.

निवृत्त_मास्तर

हे आवडलं. अवांतर म्हणून जोडतो: ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये नियम लिहिले ते याच धर्तीवर. धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज, आणि सारखंच धन नि ऋण मिळालं की शून्य. आणि तुमच्या रंगीत तुकड्यांवरून आठवलं, आपल्याकडच्या जुन्या बीजगणितात पहिल्या अव्यक्ताला, म्हणजे अज्ञात राशीला, 'यावत्तावत्' म्हणत आणि पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं देत. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या बीजगणितात हीच रीत आहे.

स्पर्शिका

दोन दिवस धागा वाचतेय (म्हणजे ऐकतेय, स्क्रीनरीडरवर). मी दृष्टिहीन मुलांना गणित शिकवते, स्वतःही दृष्टिहीन आहे. पाटीपेन्सिल, तुमच्या मूळ प्रश्नाला आमच्याकडे एक वेगळंच उत्तर सापडलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या टाइल्सना रंग नाही. ऋण तुकड्यांवर सँडपेपर, धन तुकडे गुळगुळीत. बाकी सगळं तुमच्यासारखंच, फक्त खाली उंच कडेची ताटली, म्हणजे तुकडे हात लागून विस्कटत नाहीत. लिहायला काही मुलं टेलर फ्रेम वापरतात: अष्टकोनी भोकांची पाटी आणि त्यात उभे करायचे धातूचे छोटे टाइप. टाइप कुठल्या टोकावर आणि आठांपैकी कुठल्या दिशेला उभा केला यावरून चिन्ह ठरतं, म्हणजे एका टाइपात सोळा चिन्हं. अंकगणिताचे टाइप वेगळे, बीजगणिताचे वेगळे. बाकीची मुलं ब्रेलमध्ये लिहितात. दोन्ही प्रकारांत लिहायला वेळ लागतो, आणि लिहिलेल्या ओळीवर एक नजर टाकून काय चुकलं ते बघता येत नाही.

तुम्हा डोळसांना टाइल्स आणि वही यांच्या मधे चित्र काढता येतं. आम्हाला ती पायरी जवळजवळ नाहीच. तिच्या जागी आम्ही बोलणं आणलं. मुलं पाठीला पाठ लावून बसतात. एकाकडे टाइल्स, दुसऱ्याकडे फ्रेम. पहिल्याने प्रत्येक हालचाल शब्दांत सांगायची, दुसऱ्याने तेवढ्यावरून ओळ लिहायची. दुसऱ्याला टाइल्सना हात लावायची बंदी.

पहिल्या वेळी संवाद असा होतो:

"इकडे तीन लावले."
"इकडे म्हणजे कुठे? तीन काय?"
"अरे, पट्ट्या. मोठ्याच्या बाजूला."
"कुठल्या बाजूला? दोन बाजू आहेत ना?"
"दोन्ही बाजूंना! तीन-तीन."
"मग सहा म्हण ना."

(क्ष + ३)² मधल्या सहा पट्ट्या त्या "मग सहा म्हण ना" मध्ये जन्माला येतात. आणि लगेच पुढे, "झालं?" "नाही, कोपरा उरलाय. तिनातिनाचा." नऊ आला. नऊ हा कोपरा आहे हे ज्याने तोंडाने सांगितलं, तो क्ष² + ९ लिहीत नाही, कारण दोन्ही बाजूच्या पट्ट्या गेल्या कुठे हा प्रश्न त्याचं त्यालाच पडतो.

तुमची मुलं टाइल्स संपवून मग वही काढतात, बरोबर? आदल्या तासाला टाइल्स, दुसऱ्या तासाला वही. तिथेच सांधा निखळतो असं मला वाटतं. तुकडा हलला त्याच क्षणी त्याची ओळ व्हायला हवी.

पाटीपेन्सिल

स्पर्शिकाताई, दंडवत घ्या. पाठीला पाठ उद्याच करते.

बिनधास्त_बीएड

स्पर्शिकाताई, वाचनखूण साठवली. आलेखांचं काय करता?

स्पर्शिका

जाड कागदावर उठावाचे आलेख, दोरा आणि टाचण्या. आणि डेस्मॉसमध्ये आलेख ऐकता येतो. रेषा चढली की सूर चढतो, उतरली की उतरतो. वर्गसमीकरणाचा वक्र ऐकताना सूर खाली जातो, तळाला क्षणभर रेंगाळतो आणि पुन्हा वर येतो. मुलं चढ किती तीव्र आहे ते गुणगुणून दाखवतात. डोळस वर्गातही एकदा डोळे मिटून करून बघा, गंमत म्हणून.

आठवीची_आई

मला एक बाळबोध शंका आहे. घरी पुठ्ठ्याच्या टाइल्स कापल्या. मुलाने पट्टीवर छोटे चौरस मांडले आणि म्हणाला, "आई, क्ष पाच आहे." बरोबर पाच बसत होते! आता प्रत्येक ठिकाणी तो क्ष च्या जागी ५ धरतो. काय करू?

पाटीपेन्सिल

पुन्हा कापा. :) पट्टीची लांबी एककाच्या पूर्ण पटीत कधीच ठेवायची नाही. एकक २ सेंमीचा असेल तर पट्टी ११.३ सेंमी ठेवा. पाच बसतात, सहावा बसत नाही, मोजण्याचा नाद सुटतो.

आणि दुसरा संच वेगळ्या लांबीचा करा, समजा ८.७ सेंमीचा. वर्गात मी अर्ध्या गटांना एक संच देते, अर्ध्यांना दुसरा, आणि सांगत नाही. दोन्हीकडे (क्ष + ३)(क्ष + २) चं उत्तर तेच येतं. मग पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवायला लावते. "बाई, यांचा क्ष आमच्यापेक्षा छोटा आहे!" "मग उत्तर वेगळं यायला हवं ना?" पुढची दहा मिनिटं मी गप्प बसते.

कोडकीडा

खरं तर डिजिटल साधनांची जागा मला इथेच दिसते. पुठ्ठ्याचे दोन संच म्हणजे क्ष च्या दोन किमती. जिओजेब्रात क्ष ची लांबीच स्लायडरला बांधायची. एकक चौरस जागच्या जागी, तेवढेच, आणि पट्ट्या नि मोठा चौरस लांब-आखूड होत राहतात. पूर्ण आयत ताणला जातो, आखडतो, पण त्यातले तुकडे एकाने वाढत नाहीत की कमी होत नाहीत. 'चल' म्हणजे चळणारा हे पुठ्ठा सांगू शकत नाही. मात्र उलटंही खरं: स्क्रीनवरची पट्टी उचलता येत नाही, फिरवून उभीची आडवी करताना ती तीच आहे हे मनगटाला कळत नाही. म्हणून आधी पुठ्ठा, मग स्क्रीन. नुसत्या टॅबवर टाइल्स शिकवणाऱ्या शाळा मला कळतच नाहीत.

जिओजेब्राची फाइल करणं अवघड नाही. २००१ साली साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी पदव्युत्तर प्रबंधासाठी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर, आणि शिक्षकाने स्वतः रचना करावी हीच त्याची खुबी आहे. तयार फाइल घेण्यापेक्षा मुलांनाच करायला लावा. "पट्टीची रुंदी १ ठेव, लांबी क्ष" हे संगणकाला सांगायचं म्हणजे चिन्हांतच सांगावं लागतं. स्पर्शिकाताईंच्या पाठीला पाठ लावून बसलेल्या मुलाची जागा इथे संगणक घेतो, आणि तो "तीन काय?" हे त्या मुलापेक्षाही खडूसपणे विचारतो.

आठवीची_आई

११.३ ची पट्टी कापली. मुलगा म्हणाला, "क्ष ५.६५ आहे." हुशार कार्टं.

उगाचच

आता १/३ वाली लांबी ठेवा, बसू दे दशांशात.

निवृत्त_मास्तर

सगळं वाचलं. माझ्या ठाम मताला थोडी चीर गेली हे कबूल, विशेषतः स्पर्शिकाताईंच्या प्रतिसादाने. तरी एक सांगा. टाइल्स कधी काढून घ्यायच्या? आयुष्यभर तर पुठ्ठा पुरणार नाही. क्ष³ आला की संपलं. १/२ क्ष आला की संपलं. २४क्ष² + ७१क्ष - ३५ चे तुकडे कोण मांडत बसणार?

पाटीपेन्सिल

क्ष³ साठी माँटेसोरी बाईंचा ठोकळा आहे, मास्तर. (अ + ब)³ चे आठ तुकडे, पेटीत बरोबर घन होऊन बसणारे. पण त्याच्या पुढे खरंच संपलं, आणि संपावंच.

मी अचानक काढून घेत नाही. आधी टाइल्स. मग त्यांचं चित्र, प्रमाणात. मग प्रमाण सोडलेलं चित्र, म्हणजे नुसती चार चौकटींची खिडकी, वर क्ष आणि ३, बाजूला क्ष आणि २, चौकटींत चार गुणाकार. या खिडकीत १/२ क्ष मावतो, ऋण मावतो, २४क्ष² सुद्धा मावतो. मग खिडकीही जाते. मानसशास्त्रज्ञ ब्रूनर यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या कृती, चित्र, चिन्ह या पायऱ्या शिक्षक प्रशिक्षणात सगळेच पाठ करतो. पण खिडकीची पायरी वगळून चित्रावरून थेट चिन्हावर उडी मारली जाते, आणि बहुतेक मुलं तिथेच पडतात.

आणि उलट दिशेनेही जायला लावते. वहीत क्ष² + ९ लिहिलं? छान. आता हे टाइल्सने मांड आणि मला त्याचा चौरस करून दाखव. मोठा चौरस एका टोकाला आणि तीन बाय तीनचा कोपरा दुसऱ्या टोकाला, मधे दोन मोकळ्या भेगा. त्या भेगांकडे बघून मूल जे तोंड करतं, त्याला माझ्याकडे लाल शाईचा पर्याय नाही.

बिनधास्त_बीएड

शेवटची एक शंका. क्ष² + ४क्ष + २ चा आयत काही केल्या होत नाही. मुलांना "अवयव पडत नाहीत" असं सांगून टाकायचं का? कारण डेस्मॉसवर काढलं तर वक्र आडव्या अक्षाला चक्क दोन ठिकाणी छेदतो. मग मुळं तर आहेत!

कोडकीडा

हा प्रश्न टाइल्सवाल्यांनी आणि आलेखवाल्यांनी एकत्र बसून सोडवायचा आहे. टाइल्स फक्त पूर्णांकी अवयव दाखवतात. क्ष² + ५क्ष + ७ चाही आयत होत नाही, पण त्याचा वक्र अक्षाला शिवतच नाही. 'आयत होत नाही' ही एकच गोष्ट दोन अगदी वेगळ्या कारणांनी होऊ शकते, आणि पुठ्ठ्याला त्यांतला फरक कळत नाही.

निवृत्त_मास्तर

थांबा, हे पुठ्ठ्याने होतं! आयत सोडा, चौरस करा. इ.स. ८२०च्या सुमारास बगदादच्या गणितज्ञ अल-ख्वारिझ्मीने क्ष² + १०क्ष = ३९ असंच सोडवलं होतं. क्ष चा चौरस घ्यायचा, दहा पट्ट्यांचे पाच-पाच दोन भाग करून दोन बाजूंना लावायचे, कोपऱ्यात पाच-पाचाची जागा रिकामी राहते. ते २५ दोन्हीकडे घाला. ३९ चे ६४ झाले, म्हणजे बाजू ८, आणि क्ष ३.

तसंच इथे. मोठा चौरस, दोन्ही बाजूंना दोन-दोन पट्ट्या. कोपऱ्यात चार एकक लागतात, आपल्याकडे दोनच आहेत. चौरस दोनने अपुरा. म्हणजे (क्ष + २)² - २. ते शून्य व्हायचं तर (क्ष + २)² = २, आणि क्ष = -२ ± √२.

पाटीपेन्सिल

मास्तर, टाइल्स कधी कापल्यात?

निवृत्त_मास्तर

मघाशी. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याच्या. पट्टी बरोबर सहा एककांची झाली आहे, तेवढी पुन्हा कापतो. क्ष² + ५क्ष + ७ मध्ये एका पट्टीची उभी चिरफाड करावी लागेल असं दिसतंय, अडीच-अडीच. कोपरा सव्वासहाचा होईल, आणि पाऊण उरेल. म्हणजे (क्ष + २.५)² + ०.७५. वर्ग अधिक काहीतरी, तो शून्य कसा व्हायचा? म्हणूनच तुमचा वक्र अक्षाला शिवत नाही. पाऊण एकक कापून घेतो आणि उद्या फोटो टाकतो.